स्टेअरिंगला काय गुंडाळू?

गेल्या अंकात सीट कव्हरवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की स्टेअरिंगचं कव्हर हा वेगळाच विषय आहे, कधीतरी बोलू. मग काय, महिनाभर पत्रं आणि मेसेज त्याचेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गाड्यांच्या शिलाईकामाचं दुकान आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक, त्यामुळं काहीजण थेट दुकानातच आले, चहा घेतला, प्रश्न विचारला आणि जाताना "हे छापा हं" म्हणून गेले. सगळं छापायला जागा नाही. एकसारखे प्रश्न होते ते एकात घेतलेत, नावं कुणाचीच टाकलेली नाहीत.

राजारामपुरीतून एक ताई विचारतात: दादा, माझी छोटी हॅचबॅक नऊ वर्षांची झाली. स्टेअरिंग वरच्या बाजूला चिकट झालंय, हाताला काळं लागतं. कोरोनात सॅनिटायझर मारून पुसायची सवय लागली ती अजून सुटली नाही. त्यात माझ्या हाताला घाम खूप. साफ करून हे जाईल का, की कव्हर घालू? आणि घालायचं तर कुठलं?

ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे, सॅनिटायझर. खालच्या मॉडेलच्या गाड्यांचं स्टेअरिंग म्हणजे आत धातूचा सांगाडा आणि त्यावर साच्यात ओतलेला पॉलियुरेथेनचा फोम, आम्ही त्याला नुसतं पीयू म्हणतो. वरून जी कातडी वाटते ती वेगळी लावलेली नसते, दुधावर साय धरते तशी त्याच फोमची वरची घट्ट साय असते ती. घाम, ऊन आणि पावसाळ्यातली दमट हवा यानं ही साय वर्षानुवर्षं हळूहळू सुटत जाते, आणि त्यात तुम्ही रोज अल्कोहोल चोळलंत म्हणजे आगीत तेलच की.

पण लगेच खर्चात पडू नका. आधी कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-चार थेंब टाका, मायक्रोफायबरचं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा, अगदी पाणी गळायचं थांबेपर्यंत, कारण बटणांच्या फटीत पाणी गेलं तर ते वेगळंच दुखणं होतं. असं दोनदा पुसून सावलीत वाळू द्या आणि मग वरच्या भागावर नख हलकं दाबून बघा. खूण उमटून तशीच राहिली, किंवा नख उचलताना चिकटल्यासारखं झालं, तर फोमच सुटलाय, त्याला साबण काही करू शकत नाही. खूण नाही राहिली तर तो नुसता मळ होता. खरं सांगू का, चिकट म्हणून माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत बऱ्याचशा नुसत्या मळाच्याच असतात, हँड क्रीम, डोक्याचं खोबरेल आणि रस्त्याची धूळ यांचं ते वर्षानुवर्षं बसलेलं लिंपण असतंय.

फोम सुटलाच असेल तर त्याच्यावर दुकानातलं सरकवायचं रबरी कव्हर चढवू नका. आत घाम कोंडतो आणि सहा महिन्यांनी कव्हर काढायला जाल तर निम्मं स्टेअरिंग त्याच्यासोबत येतं. तुमच्या केसमध्ये शिलाई करून घ्यायची. म्हणजे मापाचं कापलेलं मटेरियल स्टेअरिंगवरच ओढून आतल्या बाजूनं सुईदोऱ्यानं टाके घालत बसवायचं. दीड-दोन तासाचं काम आहे, घाईत करून देतो म्हणणाऱ्याकडं देऊ नका.

आता मटेरियल. बाजारात तुम्हाला 'नापा लेदर' म्हणून जे दाखवतील ते बहुतेक वेळा लेदर नसतंच, रेक्झिन असतं, चांगल्यातलं म्हणू फार तर. नापा म्हणजे खरं तर मऊ केलेलं अस्सल कातडं, पण आपल्याकडं तो शब्द रेक्झिनला चिकटला. ओळखायचं कसं, तर कापलेल्या कडेकडं आणि उलट्या बाजूकडं बघा. खऱ्या कातड्याची मागची बाजू धाग्याधाग्याची, लवदार असते, रेक्झिनच्या मागं सरळ विणलेलं किंवा दाबलेलं कापड दिसतं. अजून शंका असेल तर कारागिराकडून नखाएवढी कातरण मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाऊन काडी लावा. कातडं जळताना केस जळल्याचा वास येतो, रेक्झिन वितळून गोळा होतो आणि प्लास्टिकचा धूर सुटतो. कातरण द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडनं उठायचं.

घामाच्या हाताला मी बारीक भोकांचं, म्हणजे परफोरेटेड कातडं सांगीन, निदान जिथं हात राहतात त्या डाव्या-उजव्या बाजूला, वरखाली साधं चालतंय. बजेट नसेल तर पीयूचं परफोरेटेड रेक्झिन. पीव्हीसीचं रेक्झिन स्वस्त, पण त्यातलं मऊ ठेवणारं तेल उन्हानं उडून गेलं की ते कडक होऊन तडकतं. पीयू तडकत नाही, तर दमट हवेत पापुद्रे सोडतं, पण चार-पाच वर्षं नीट जातं. सिलिकॉनचं कव्हर हातात घेतल्यावर छान पकड देतं, धुताही येतं, पण हवा जाऊ देत नाही, तुमच्यासारख्या घामाच्या हाताला ते वीस मिनिटांत बुळबुळीत होईल. घरात तरुण मुलगा असेल तर तो तुम्हाला अल्कांटारा सुचवेल, आजकालची पोरं रील बघून तेच मागतात. दिसायला हरणाच्या कातड्यासारखं, पण आहे सगळं सिंथेटिक, पॉलिएस्टरचे अतिबारीक धागे पॉलियुरेथेननं बांधलेले. १९७० साली जपानमध्ये शोध लागला आणि बनतं इटलीत. पकड उत्तम, वाद नाही, पण हाताचं तेल बसलं की लव चापून जाऊन चकचकीत होते आणि पकडही जाते. रेसच्या गाडीत चालवणारा हातमोजे घालून बसतो. आपण मिसळ खाऊन बसतो.

आणि सॅनिटायझर हाताला लावा, दोन मिनिटं वाळू द्या, मग स्टेअरिंग धरा. स्टेअरिंगवर मारायचं बंद.

कागलहून एक वाचक: मेहुण्यानं वाढदिवसाला फरचं, म्हणजे केसाळ मऊ कव्हर दिलंय. हाताला लई भारी वाटतंय पण वळवताना जरा सरकल्यासारखं होतं. बायको म्हणते काढा, मी म्हणतो होईल घट्ट. कोण बरोबर?

दाजी, वैनी बरोबर आहेत. आजच काढा, मेहुणा घरी येईल तेव्हा सोफ्यावर ठेवा शोभेला.

सरकणारं कव्हर म्हणजे काय हे मी स्वतः भोगलंय म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. बारा-तेरा वर्षं झाली असतील, तेव्हा मी पण असंच एक रेडिमेड, आतून गुळगुळीत रबर असलेलं कव्हर घातलं होतं, शिलाईवाला असून, कारण आपल्याच गाडीला वेळ कुठला. आषाढातला पाऊस, गगनबावड्याहून करूळ घाटातनं खाली वैभववाडीकडं उतरत होतो. काच खाली घेतलेली, बाही भिजलेली, त्यातनं पाणी हातावर आणि हातावरून कव्हरच्या आत. एका डाव्या वळणावर मी हात फिरवला तर हात फिरले, कव्हर फिरलं आणि स्टेअरिंग जागेवरच. अर्धा सेकंद. तेवढ्यात गाडी सरळ जाऊन समोरच्या लेनमध्ये, आणि समोरून एसटी. मी कव्हर सोडून मधली दांडी पकडली आणि ओढली म्हणून गाडी परत डावीकडं आली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारीत चाक घालून थांबली. दरी दुसऱ्या हाताला होती. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला, काही बोलला नाही, नुसता स्टेअरिंगकडं बघून हसला, आणि ते हसणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं. कव्हर तिथंच कापून काढलं.

तेव्हापासनं माझ्या दुकानात एकच परीक्षा आहे. गाडी बंद, स्टेअरिंग लॉक झालेलं, दोन्ही हातांनी कव्हर धरायचं आणि ओला टॉवेल पिळतो तसं जोर लावून पिळायचं, एकदा कोरड्या हातानं, एकदा ओल्या. बोटभर काय, कडधान्याच्या दाण्याएवढंही सरकलं तर ते कव्हर नापास, मग ते किती का महाग असेना. फरच्या कव्हरात तर दोष दुप्पट आहे, आतनं सरकतं आणि वरनं जाड असल्यामुळं रस्ता हाताला कळतच नाही. पंक्चर होत आलेलं चाक, उजवीकडं ओढणारी गाडी, ओल्या रस्त्यावर हलकं झालेलं पुढचं टायर, हे सगळं आधी तळहाताला कळत असतं. तिथं तुम्ही गादी घातलीत.

"होईल घट्ट" म्हणताय, ते नाही होत. उन्हानं रबर सैलच पडत जातं.

शिवाजी पेठेतून एक तरुण मित्र: मामा, विषय हार्ड आहे. आपल्या कोल्हापुरी चपलेच्या कातड्यानं स्टेअरिंग मढवायचं. वेणी आणि गोंडा पण लावायचा मधे. होईल का? अख्ख्या पेठेत कुणाकडं नसेल.

भावा, कुणाकडं नसेल हे खरं आणि त्याला कारण पण आहे.

तुझ्यासारखाच एक गडी दोन वर्षांमागं सुभाषनगरच्या एका चप्पल कारागिराकडनं कातड्याचा तुकडा घेऊन आला होता, आणि मलाही खाज, म्हटलं करून बघू. एक भंगारातलं स्टेअरिंग होतं पडलेलं. चपलेचं कातडं जाड असतं, तसं कोरडं वळतच नाही, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवलं, सकाळी मऊ झाल्यावर ओढून बसवलं, दाभणानं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं टाके घातले. काय दिसत होतं सांगू, मधाच्या रंगाचं, हाताला गार, वास असा की चप्पल लाईनीत उभं राहिल्यासारखं वाटावं. दुकानात दहा माणसं बघून गेली. मग दोन दिवस उन्हात ठेवलं, गाडीत उभं राहिल्यासारखं. तिसऱ्या दिवशी कातडं आक्रसून लाकडासारखं कडक, शिवणीच्या जागी करंगळी जाईल एवढी फट पडलेली आणि दोरा दोन ठिकाणी कातड्याला चिरत गेलेला. वरनं पाण्याचा हात लावला तर काळे डाग.

यात कातड्याचा दोष नाही, कारागिराचा तर अजिबात नाही. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावलेलं असतं, आणि तसं कमावलेलं कातडं पायाखाली दाबून, तेल पाजून, वर्षभर वापरून पायाच्या आकाराला येतं, ते त्याचं काम आहे. म्हणून तर तिला २०१९ च्या सुमारास जीआय टॅग मिळाला, आपल्या बाजूचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. गाडीत लागणारं कातडं बहुतेक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं, एक-सव्वा मिलिमीटर जाडीचं, ताणलं तर ताणतं आणि वर रंगाचा पातळ थर दिलेला, त्यामुळं घाम-पाणी लगेच आत शिरत नाही. दोन्ही कातडीच, पण एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही.

तुला कोल्हापुरी दिसायलाच पाहिजे ना, मग असं कर. गाडीचंच पातळ कातडं तशा तपकिरी मधाळ रंगात घे, आणि टाका वेणीचा घाल, आतल्या बाजूनं, मेणाच्या पॉलिएस्टर दोऱ्यानं. सुती दोरा घालू नको, घामानं कुजतो. वेणी हाताला लागू नये म्हणून ती तुझ्या तोंडाकडं येणाऱ्या आतल्या कडेला घ्यायची. गोंडा मात्र नाही. वळवताना बोटात अडकला तर नाद खुळा नाही, नाद महागात. गोंडा किल्लीला लाव.

आणि एक, चपलेला पाजतोस तसं स्टेअरिंगला तेल पाजू नकोस. एकानं एरंडेल चोळलं होतं, मऊ राहतं म्हणून. चार दिवस गाडी चालवायला नाही, धरायलाच येत नव्हती.

इचलकरंजीहून एक वाचक: ऑनलाइन कव्हर मागवलं, तिसऱ्यांदा परत पाठवलं. एकदा ढिलं, एकदा चढेचना, आता आलंय ते खाली दुमडतंय. गाडी तीच, मॉडेलचं नाव टाकूनच मागवलेलं.

मॉडेलच्या नावावर जाऊ नका, एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलला स्टेअरिंग वेगळं असू शकतं. सुतळी घ्या, स्टेअरिंगच्या बाहेरच्या कडेनं एक वेढा द्या, सुतळी मोजा आणि ३.१४ नं भागा. तो व्यास. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्या ३६ ते ३८ सेंटिमीटरमध्ये बसतात आणि बाजारात मीडियम म्हणतात ते साधारण ३७-३८. एक सेंटिमीटरनं सुद्धा मोठं आलं तर ते ढिलं, मग वर सांगितलेली टॉवेलची परीक्षा नापास. किंचित लहान चालतं, गरम पाण्यात किंवा उन्हात दहा मिनिटं ठेवून मऊ करायचं आणि वरून सुरुवात करून दोन्हीकडं खाली उतरत आणायचं. एकट्यानं करू नका, कुणीतरी वरचा भाग दाबून धरायला पाहिजे.

दुमडतंय म्हणजे तुमचं स्टेअरिंग खालनं सपाट असणार, डी-कट. २०१८ पासूनच्या स्विफ्टसारख्या गाड्यांना येतं तसं. गोल कव्हर त्यावर कधीच बसणार नाही, आणि डी-कटला सुतळीचा हिशोबही चालत नाही, तिथं सपाट भाग सोडून आडवा व्यास टेपनं मोजायचा आणि कव्हर पण डी आकाराचंच मागवायचं. किंवा सरळ सुईदोरा घेऊन शिवायचं कव्हर. त्यात भोकं आधीच पाडलेली असतात, रविवारची सकाळ गेली तरी हरकत नाही, पण टाका प्रत्येक वेळी सारख्या जोरानं ओढायचा, एक ढिला पडला की शेजारचे चार ढिले होतात.

शाहूपुरीतून एक काका: कव्हरनं एअरबॅग अडते का? आणि मी मधल्या हॉर्नवर पितळेचा जोतिबाचा टाक चिकटवलाय, तो चालेल ना?

काका, कडेच्या कव्हरनं नाही अडत. चालकाची एअरबॅग मधल्या गोल भागात, हॉर्नच्या खाली घडी करून ठेवलेली असते आणि मधूनच फाटून बाहेर येते. मधला भाग झाकणारं मात्र काहीही घालायचं नाही, कापडी टोपडी मिळतात तीही नाहीत. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळं गाडी त्यानंतरची असेल तर आत आहेच हे धरून चाला.

टाकाचं वाईट वाटून घेऊ नका, पण तो काढा. पापणी लवायच्या आत ती पिशवी बाहेर येते आणि तिच्यावर जे काही चिकटवलेलं असेल ते सुटून थेट तोंडावर. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्यानं खड्यांच्या आणि धातूच्या अशा चिकटवायच्या चिन्हांबद्दल खास इशारा काढला होता, डोळ्याला इजा झाल्याचं कळल्यावर. देव पुढं ठेवायचा तर डॅशबोर्डच्या डाव्या बाजूलाही नको, तिथं शेजारच्या सीटची एअरबॅग असते. मधे, गिअरच्या पुढं ठेवा. जोतिबा रागावणार नाही.

आणखी दोन गोष्टी याच्याशी जोडलेल्या. शिलाईसाठी कुणी स्टेअरिंग खोलून काढतो म्हणाला तर देऊ नका, एअरबॅग आणि मागची वायरची गुंडाळी ही कंपनीच्या माणसाची कामं. चांगला कारागीर गाडीतच बसून शिवतो, पाठ दुखते ती त्याची दुखू दे. आणि गाडी नवी असेल, लेन सोडली की सावध करणारी, स्टेअरिंगवर हात आहे का ते ओळखणारी, तर आधी गाडीचं पुस्तक वाचा. काही गाड्या हात कडेच्या स्पर्शानं ओळखतात, तिथं जाड कव्हर घातलं की गाडीला वाटतं तुम्ही हात सोडलात आणि ती ओरडत राहते.

महाद्वार रोडवरून एक दुकानदार: दुपारी बिंदू चौकाच्या पार्किंगमधून गाडी काढायची म्हणजे स्टेअरिंगला हात लावता येत नाही. पांढरं कव्हर घालू का?

पांढरं घालाल आणि महिन्याभरात तांबड्या रश्श्याच्या हातानं पिवळं कराल. रंगानं थोडा फरक पडतो, पण खरी गोष्ट काचेतून येणारं ऊन आहे. अमेरिकेत ॲरिझोनात २०१८ मध्ये मोजलं होतं, उन्हात तासभर उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशाला आणि स्टेअरिंग ५३ अंशाला गेलं, सावलीतल्या गाड्यांचं बरंच कमी. म्हणजे कव्हर बदलण्याआधी काचेला आतून चकचकीत पडदा लावा. गाडी लावता लावता स्टेअरिंग अर्धा फेरा फिरवून ठेवा, तापणारी बाजू खाली जाते, निघताना सरळ केलं की हात सावलीतल्या भागावर. पण गाडी उभी असताना जागेवर कराकरा फिरवू नका, टायर घासतात. गळ्यातला टॉवेल स्टेअरिंगवर टाकून जाणं हा आपल्या जीपवाल्यांचा जुना उपाय, तोच अजून सगळ्यात स्वस्त. कव्हर हवंच तर परफोरेटेड घ्या. सिलिकॉन आणि चकचकीत काळं रेक्झिन नको.

नागाळा पार्कातून एक निवृत्त गुरुजी: वय ७१. बोटांच्या सांध्यांत संधिवात आहे. घट्ट धरलं की दुखतं. जाड कव्हर घेऊ की पातळ? एकजण स्टेअरिंगला लावायचा लट्टू सुचवतो, एका हातानं फिरवायचा.

गुरुजी, मगाशी मी जाड कव्हराला नावं ठेवली, तुमच्यासाठी ते शब्द थोडे मागं घेतो. सांधे दुखणाऱ्या हाताला बारीक कड धरायला मूठ जास्त आवळावी लागते, म्हणून थोडं जाड आणि दाबलं की किंचित दबणारं कव्हर बरं. पण किती जाड, हे तुमचा हात सांगेल. मूठ धरल्यावर अंगठ्याचं टोक तर्जनीच्या पहिल्या पेऱ्यावर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर फार जाड झालं, मग पुन्हा आवळणं आलंच. पातळ फोमचा एक थर आणि वर मऊ कातडं, शिवून घेतलेलं, सरकवायचं नाही. टाक्याची कड बोटाखाली येणार नाही असं कारागिराला आधीच सांगा, दुखऱ्या पेऱ्याला ती दाभणासारखी टोचते.

त्याआधी एक काम करा, पुढच्या दोन्ही चाकांची हवा बघा. हवा कमी असली की स्टेअरिंग जड होतं आणि माणूस दोष सांध्यांना देतो. माझ्या वडिलांचं हेच झालं होतं, दोन महिने लेप लावत होते, पंपावर वीस मिनिटांत निम्मं दुखणं गेलं. राहिलेलं निम्मं डॉक्टरांचं, तिथं मी बोलणार नाही. हात ९ आणि ३ वर ठेवा, अंगठे कडेवर नुसते टेकवा, आत अडकवू नका.

लट्टू नको. बाही अडकते, एका हाताची सवय लागते आणि जोरात धडक बसली तर तो कडक गोळा हाताशी, छातीशी असतो. अगदीच हात चालत नसेल तर परवाना आणि गाडीतला बदल दोन्ही आरटीओच्या रीतीनं करून घ्यावे लागतात, लट्टू विकणारा ते सांगत नाही.

शिरोळ तालुक्यातून एक शेतकरी वाचक: तुम्ही सगळं कारचं लिहिता. ट्रॅक्टरला काय घालायचं? स्टेअरिंगचं प्लास्टिक तडकलंय, धारेनं हात कापतो. ऊसाचा सीझन तोंडावर आलाय.

बरोबर आहे, चूक कबूल. ट्रॅक्टरला वर छप्पर नाही, ऊन पाऊस धूळ डिझेल सगळं थेट, त्यामुळं वर सांगितलेलं कातडं-बितडं सगळं विसरा. रेक्झिन एका सीझनमध्ये फाटेल.

आधी तडकलेल्या धारा कानशीनं घासून गुळगुळीत करा, भेग मोठी असेल तर त्यात एपॉक्सी भरा, वाळल्यावर परत घासा. सांगाडा उघडा पडून गंजला असेल तर नवंच स्टेअरिंग टाका, ते फार महाग पडत नाही, आणि भरल्या ट्रॉलीला उतारावर सांगाडा मोडला तर कव्हर काय करणार. मग वरून जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोन बोटं रुंद कापलेली, ओढून ओढून तिरकी गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवत, आणि शेवटचं टोक मधल्या दांडीपाशी आत खोचून तारेनं नाही, दोऱ्यानं बांधायचं. तारेचं टोक आज ना उद्या बोटात घुसतंच. ही युक्ती माझी नाही, ऊस ओढणाऱ्या ड्रायव्हरांची आहे, मी बघून शिकलो. ट्यूब तापते हे खरं, म्हणून वरून सुती गमजा बांधतात तो बांधा, पण गाठ मारून, नुसता लपेटून नाही, आणि घामानं भिजला की बदला. बाजारातलं सिलिकॉनचं घ्यायचं तर घट्ट मापाचं घ्या, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग कारपेक्षा बरेचदा मोठं असतं, सुतळीनं मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि संध्याकाळी ट्रॅक्टर गोठ्यापुढं लावलात की खताचं एक रिकामं पोतं स्टेअरिंगवर उलटं घाला.